हिमोग्लोबिन कमी आलंय, पण कशामुळे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न रक्त कमी असण्याबद्दलचे होते, आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलाय, चालू असलेल्या गोळीचं नाव लिहिलंय, पण हे कशामुळे झालं ते कोणी शोधलंय का, याबद्दल एक अक्षर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता, म्हणजे इतकं घरोघरी आहे की आता त्याचं कोणाला काही वाटेनासंच झालंय. मला मात्र वाटतं, आणि खूप वाटतं, म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. आकडे आधी सांगून टाकते: बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणायचं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सांगलीची, वय ३८, दोन मुलं. दोन-तीन वर्षं झाली हिमोग्लोबिन ८-९ च्या पुढे जात नाही, गोळ्या घेतल्या की ११ होतं आणि सोडल्या की परत खाली. आत्ताचा रिपोर्ट असा आहे, हिमोग्लोबिन ८.६, आरबीसी ४.१, एमसीव्ही ६६, आरडीडब्ल्यू १९, प्लेटलेट ४.९ लाख. जिना चढला की दम लागतो, केस गळतात, आणि सांगायला लाज वाटते पण पाटीवरची पेन्सिल खाविशी वाटते, पर्समध्ये लपवून ठेवते. सासूबाई म्हणतात बायकांचं असंच असतं. खरंच असतं का?

ताई, नाही, असं नसतं. आणि पेन्सिलीची लाज अजिबात वाटून घेऊ नका, पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं अगदी जुनं ओळखीचं लक्षण आहे आणि लोह भरून निघालं की ती इच्छा आपोआप जाते, बऱ्याचदा हिमोग्लोबिन वाढायच्याही आधी जाते. डॉक्टरांना हे नक्की सांगा, बायका सांगत नाहीत आणि आम्हीही विचारायला विसरतो.

आता तुमचा रिपोर्ट कसा वाचायचा ते बघा. हिमोग्लोबिन फक्त एवढंच सांगतं की कमी आहे. का कमी आहे त्याचा पहिला धागा एमसीव्हीमध्ये असतो, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असायला हवा, तुमचा ६६ आहे, म्हणजे पेशी लहान झाल्यात. लहान पेशी दिसल्या की डॉक्टरच्या डोक्यात मोजकीच नावं येतात, लोहाची कमतरता, थॅलेसेमिया मायनर (आई-वडिलांकडून येणारा, यात पेशी जन्मापासूनच लहान असतात), आणि कधीकधी जुन्या आजारामुळे येणारा अ‍ॅनिमिया. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे, तो साधारण साडेचौदापर्यंत चालतो, तुमचा १९ आहे, म्हणजे काही पेशी जुन्या बऱ्यापैकी आकाराच्या आणि काही नव्या एकदम बारक्या असं मिश्रण झालंय आणि हे लोह हळूहळू संपत गेलं की होतं. प्लेटलेट थोडे वाढलेत तेही लोहाच्या कमतरतेत होतं, त्याने घाबरू नका. सगळं एकत्र ठेवलं तर बोट लोहाकडेच जातं.

पण बोट जाणं वेगळं आणि खात्री वेगळी, म्हणून फेरिटिन करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कणगीत लोह किती शिल्लक आहे त्याचा हिशेब. ते १५ च्या खाली असेल तर शंकेला जागाच नाही, आणि ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर लोह कमी आहे असंच धरतात. याच्यासोबत पेरिफेरल स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरवून पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी बघणं, हे पण सांगा. मशीन आकडे देतं पण पेशी फिकट आहेत का, लांबट आहेत का, मध्येच मोठ्या पेशी पण आहेत का, हे माणसाच्या नजरेला जास्त कळतं.

आणि आता खरा प्रश्न, जो तुमच्या पत्रात मला कुठेच दिसला नाही. लोह जातंय कुठे? एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, आणि एरवी रोजच्या जेवणातून शरीर कसंबसं एक-दोन मिलिग्रॅम आत घेतं. म्हणजे एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं, ते भरून काढायला महिना पुरत नाही, आणि पुढची पाळी आलीच. तुमची पाळी किती दिवस चालते, गाठी जातात का, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, रात्री उठावं लागतं का हे लिहून ठेवा. सात दिवसांच्या वर जात असेल किंवा गाठी पडत असतील तर स्त्रीरोग तज्ज्ञांकडे जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्या, फायब्रॉइड किंवा अस्तराचा काही त्रास आहे का बघतील, थायरॉइड बघतील. वयात आल्यापासूनच पाळी जास्त असेल, दात काढल्यावर खूप वेळ रक्त आलं असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्याही लागतात, हा भाग फार वेळा राहून जातो. पाळी अगदी व्यवस्थित असेल तर मग पोट आणि आतडं बघावं लागेल.

तुमचं हिमोग्लोबिन गोळ्यांनी ११ पर्यंत जातं हीसुद्धा एक तपासणीच झाली म्हणा, म्हणजे लोह आत जातंय आणि शरीर ते वापरतंय. साधारण तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅम वाढ दिसली की निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी. पण ११ झालं म्हणून गोळी बंद करायची नसते, हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर पुढे अजून तीन महिने घ्यावी लागते कारण कणगी रिकामीच असते. चहा गोळीच्या आसपास नको. आणि सासूबाईंना सांगा की त्यांचंही एकदा तपासून घेऊ, त्यांचं पण कोणी कधी बघितलं नसणार.

प्रश्न : मॅम मी उल्हासनगरला राहते, २६ वर्षं, लग्न ठरलंय. हिमोग्लोबिन ११.२, आरबीसी ५.९, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १४. लहानपणापासून सगळे आयर्नचं टॉनिक देतायत, काही फरक नाही. मला काही त्रास पण नाही. परत गोळ्या चालू करू का?

आधी गोळ्या थांबवा आणि आयुष्यात एकदाच लागणारी एक तपासणी करून घ्या, तिला हिमोग्लोबिन एचपीएलसी म्हणतात, रक्तात कुठल्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती आहे ते त्यात कळतं. का ते सांगते. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही कमी होते. तुमच्या पेशी तर अगदी लहान आहेत पण संख्या ५.९, म्हणजे नॉर्मलपेक्षा जास्तच, आणि आकारात फारसा फरक नाही. असं चित्र थॅलेसेमिया मायनरचं असतं. एक सोपं गणित आहे, एमसीव्हीला आरबीसीने, म्हणजे लाल पेशींच्या संख्येने, भागायचं, तुमचं ६२ भागिले ५.९ म्हणजे साडेदहा येतं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाची शंका, वर आलं तर लोहाची. वरच्या सांगलीच्या ताईंचं करून बघा, १६ येतं. याने निदान होत नाही, फक्त पुढची कुठली टेस्ट करायची ते कळतं.

एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिन ए-टू बघतात, साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की बीटा थॅलेसेमिया मायनर. सोबत फेरिटिन कराच, कारण लोह कमी असेल तर हा ए-टू थोडा खाली दिसतो आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येऊ शकतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत हे जास्त सापडतं, पण बाकीच्यांत नाही असं मुळीच नाही.

मायनर म्हणजे आजार नाही, तुम्ही ठणठणीत जगाल. पण तुमच्या होणाऱ्या नवऱ्याची एचपीएलसी लग्नाआधी झालीच पाहिजे. दोघंही मायनर निघालात तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. लग्न मोडायचं म्हणून नाही सांगत, दोघंही मायनर असलेली जोडपी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी करून घेतात आणि निरोगी मुलं होतात. फक्त आधी माहीत हवं. घरच्यांनी पत्रिका बघितलीच असेल, आता हा एक कागद पण बघा.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे, नाशिक. तीन महिन्यांपासून थकवा, हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन ८. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितलीय, वरून आणि खालून दोन्ही. बाबा म्हणतात मला वीस वर्षं मूळव्याध आहे त्यातूनच जात असणार, कशाला ते नळ्या घालून घ्यायचं, गोळ्या द्या म्हणावं. शौचाची तपासणी केली त्यात रक्त नाही आलं. जबरदस्ती करावी का?

दादा, हो, करा. गोड बोलून करा, रुसून करा, नातवाला पुढे करून करा, पण करा.

या वयाच्या पुरुषाचं, आणि पाळी गेलेल्या बाईचं, लोह इतकं कमी झालं तर रक्त पोटातून किंवा आतड्यातून जातंय असं धरूनच चालायचं असतं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. अल्सर असू शकतो, गुडघ्यासाठी पेनकिलर घेत असतील किंवा हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर त्यानेही जठरातून झिरपतं. पण ज्याची खरी भीती असते तो मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, विशेषतः उजव्या बाजूचा, तिथे जागा मोठी असते त्यामुळे अडथळा होत नाही, दुखत नाही, शौचाचा रंगही वेगळा दिसत नाही, फक्त महिनोन्‌महिने थोडंथोडं रक्त जात राहतं आणि पहिलं लक्षण म्हणून हिमोग्लोबिन खाली येतं. त्या टप्प्यावर सापडला तर ऑपरेशनने पूर्ण बरा होण्याची चांगली संधी असते. गोळ्या देत बसलं तर हिमोग्लोबिन थोडं वाढतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि तो काळ निघून जातो.

शौचाच्या तपासणीत रक्त नाही आलं हे ऐकायला बरं आहे पण रक्त रोज जातंच असं नाही, ज्या दिवशी नमुना दिला त्या दिवशी नसेल. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरं काही होत नाही असा नियम नाही. वरून दुर्बीण घालतात तेव्हा लहान आतड्याच्या सुरुवातीचा छोटा तुकडा घ्यायला सांगा, सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाच्या ग्लुटेनने होणाऱ्या आजारात लोह शोषलंच जात नाही, तेही कळेल. जंतांमुळे, म्हणजे हुकवर्ममुळे, शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना असं होतं, पण ते आहे असं गृहीत धरून दुर्बीण टाळू नका. तपासणी झोपेचं इंजेक्शन देऊन करता येते, आदल्या रात्रीचं पोट साफ करायचं औषध हाच खरा त्रासाचा भाग आहे, तेवढा एक दिवस त्यांच्यासोबत थांबा.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत, वय ३१, घरात सगळे शाकाहारी, मी दूधही फारसं घेत नाही. हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ११२, पांढऱ्या पेशी ३४००, प्लेटलेट १.२ लाख. पायाला मुंग्या येतात. गूगलवर बघितलं तर ब्लड कॅन्सर पण दाखवतंय, झोप उडालीय. मेडिकलवाल्याने फॉलिक अ‍ॅसिड दिलंय ते घेतोय.

आधी झोपा, मग वाचा. तुमच्या पेशी मोठ्या आहेत, तिन्ही प्रकारच्या पेशी थोड्या कमी आहेत, खाण्यात मांस-अंडी नाहीत दूधही फारसं नाही आणि पायाला मुंग्या येतात. यात पहिलं नाव बी-१२ चं. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असलं की बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडातल्या मगजात जिथे रक्त बनतं तिथे, पेशी नीट विभागल्या जात नाहीत, मोठ्या होतात आणि बऱ्याच आतच मरतात, म्हणून तिन्ही आकडे खाली येतात. स्मिअर करा, त्यात पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसल्या तर निदान जवळपास झालंच. बी-१२ ची पातळी २०० च्या खाली असेल तर स्पष्ट, मधलीच आली तर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक अ‍ॅसिड करून नक्की करतात. तुमच्या वयात शाकाहार हे कारण पुरेसं असतं, तरी जठराची सूज, डायबेटिसची मेटफॉर्मिन, आणि शरीर स्वतःच्याच जठराविरुद्ध अँटिबॉडी बनवतं तो पर्निशियस अ‍ॅनिमिया, हे पण डॉक्टर विचारात घेतील. थायरॉइड, दारू, लिव्हर यानेही पेशी मोठ्या होतात, ते विचारतील तेव्हा खरं सांगा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात समजा. एकटं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका. त्याने रक्ताचे आकडे सुधारतात पण नसांचं नुकसान चालूच राहतं, आणि ते काही वेळा परत भरून येत नाही. आज-उद्याच रक्ताचा नमुना द्या आणि डॉक्टरांकडून बी-१२ ची इंजेक्शनं चालू करून घ्या. बोन मॅरोची तपासणी आत्ता लागणार नाही बहुतेक, उपचारानंतर आठवड्याभरात रेटिक काउंट, म्हणजे नव्या पेशींचं प्रमाण, उसळून वर आलं की कॅन्सरची भीती आपोआप मागे पडते. स्मिअरमध्ये कच्च्या पेशी दिसल्या किंवा उपचाराने काहीच हललं नाही, तरच मॅरो बघावा लागतो.

मोठ्या पेशींचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होत्या, गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जो जीवघेणा अ‍ॅनिमिया व्हायचा त्याचं कारण त्या शोधत होत्या. कोणी म्हणत होतं जंतू असेल, त्यांनी मात्र या बायका काय खातात, कुठे राहतात ते बारकाईने बघितलं, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होतात हे १९३१ मध्ये जगाला दाखवलं. त्या अर्कात जे होतं तेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलं. आज देशभरात गरोदर बायकांना जी लाल गोळी मिळते तिच्यात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असतं, त्याची सुरुवात परळच्या बायकांपासून झाली. शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं होतं.

प्रश्न : मॅडम मी धडगाव भागात आशा म्हणून काम करते. पाड्यावर एक सात वर्षांची मुलगी आहे, सारखी फिकट दिसते, डोळे पिवळट, हातपाय दुखतात म्हणून रडते. आयर्नचं औषध देतोय. अजून काय करू?

ताई, तुम्ही डोळे बघितलेत हे फार मोलाचं आहे. फिकट अधिक पिवळट म्हणजे लाल पेशी बनत नाहीत असं नसून त्या फुटतायत. सातपुड्यात आणि तिकडे विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरला असं मूल दिसलं की सिकलसेलचा विचार पहिला, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा आजार, ज्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन फुटतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस पाहिजेच, कारण सोल्युबिलिटी वाहकालाही, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच हा दोष आलेल्यालाही, पॉझिटिव्ह येते आणि आजार असलेल्यालाही, फरक ती सांगू शकत नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालंय, त्यात ही तपासणी मोफत आहे. सोबत रेटिक काउंट, बिलिरुबिन आणि एलडीएच, पेशी फुटत असतील तर तिन्ही वाढतात, आणि मलेरियाची स्लाइड विसरू नका.

लोहाचं औषध डॉक्टरांना विचारून मगच चालू ठेवा, सिकलसेलमध्ये लोह बऱ्याचदा कमी नसतं. ताप आला, छातीत दुखलं, पोटात डाव्या बाजूला फुगल्यासारखं वाटलं आणि पोरगी अचानक पांढरी पडली तर रात्र असो पाऊस असो, लगेच दवाखान्यात न्यायचं. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने दुखण्याचे झटके खूप कमी होतात. घरातल्या भावंडांची पण तपासणी करा. आणि कोणी नुसतं वाहक निघालं आणि त्याचं हिमोग्लोबिन कमी असलं तर ते सिकलवर ढकलू नका, वाहकाला सहसा अ‍ॅनिमिया होत नाही, तिथे दुसरं कारण शोधायचं.

प्रश्न : वय ५२, कोल्हापूर, दहा वर्षं आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू. हिमोग्लोबिन ९.९, एमसीव्ही ८१, फेरिटिन ९५. फेरिटिन नॉर्मल म्हणजे लोह ठीक आहे ना?

नाही सांगता येत काकू, फेरिटिनची हीच एक गोची आहे. अंगात सूज असली की फेरिटिन उगाच वाढतं, म्हणून सीआरपी, म्हणजे सूज किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी, सोबत बघायचा. सुजेमध्ये लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं आणि ते लोहाला साठ्यातून बाहेरच येऊ देत नाही, म्हणजे घरात आहे पण हाताला लागत नाही. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटना ७० च्या खालचं फेरिटिन कमी धरते, बरेच डॉक्टर १०० ची रेघ धरतात, तुमचं बरोबर मध्ये आलंय. आता ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करा, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते, २० टक्क्यांच्या खाली आलं तर जुन्या आजाराचा अ‍ॅनिमिया आणि लोहाची कमतरता दोन्ही एकत्र असू शकतात. क्रिएटिनिन पण करा, किडनी थकली की लाल पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन कमी बनतं. मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक अ‍ॅसिड घेताय ना? आणि पेनकिलर रोज घेत असाल तर पोटातून रक्त जातंय का तेही बघायला हवं.

प्रश्न : कॅम्पमध्ये बोटाला टोचून मशीनवर १०.५ आलं आणि लॅबमध्ये ११.८. कुठलं खरं? आणि बीट खाऊन वाढतं का?

लॅबचं. बोट दाबून रक्त काढलं की पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो, कॅम्पचा उपयोग कोणाला पुढे पाठवायचं एवढं ठरवायला. बीट खा, चांगलं आहे, पण त्यात लोह फार नसतं. हळीव, पालेभाजी, मटकी, सोबत लिंबू, आणि खात असाल तर मटण-कलेजी हे जास्त कामाचं.

प्रश्न : या तपासण्यांना उपाशी जावं लागतं का? आणि सगळ्या एकदम करून घेऊ का?

सीबीसीला, म्हणजे हिमोग्लोबिन आणि पेशींच्या नेहमीच्या रिपोर्टला, उपाशी लागत नाही. लोहाची पातळी आणि सॅच्युरेशन सकाळी उपाशीपोटी द्या आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधी सांगा, थायरॉइड, फेरिटिन, बी-१२ चे आकडे काही मशीनवर त्याने चुकतात. एकदम सगळं करू नका, पैसे जातात. सीबीसी, स्मिअर, रेटिक आणि फेरिटिन एवढ्यावर बहुतेकांची दिशा ठरते. आणि कोणाला रक्त चढवायची वेळ आली तर पिशवी लावायच्या आधी बी-१२, फेरिटिन, एचपीएलसीचे नमुने काढून ठेवायला सांगा, एकदा दुसऱ्याचं रक्त मिसळलं की एचपीएलसीसाठी पुढे तीन महिने थांबावं लागतं.